काकांच्या दाराचा अडसर

फोन एका मोटारींच्या शोरूममधून आला. "आमचे वॉचमन स्टुलावर बसल्याबसल्या गेलेत. त्यांनी शेवटचा फोन तुम्हाला केलेला दिसतोय. गिऱ्हाइकं यायच्या आत हलवता येईल का?" बाबांना घेऊन मी लालबागला पोचले तेव्हा काकांना मागच्या बाजूला, रिकाम्या खोक्यांशेजारी, गाडीच्या कव्हराखाली झाकून ठेवलं होतं. काका म्हणजे बाबांचे गिरणीतले जोडीदार, घोडपदेवला आमच्याच चाळीत राहणारे. ती जागा त्यांना नवी नव्हती. त्याच जमिनीवर त्यांची गिरणी होती.

संपात निघालेल्या एका पत्रकाखाली काकांचं नाव होतं. संप मोडल्यावर गिरणीनं ज्यांना परत घेतलं नाही, त्यांत ते होते. पोटासाठी मस्कतला गेले, तिथल्या गॅरेजात ठोकलेल्या गाड्यांचे पत्रे सरळ करायला शिकले. बऱ्याच वर्षांनी सुट्टीवर आले असताना घोडपदेवच्या एका गॅरेजात त्यांना ओळखीच्या मॉडेलचं दार दिसलं, आतलं अस्तर काढलेलं. तेच नाव, तोच आकार. मस्कतला त्या दारात एक आडवा पोलादी दांडा असायचा, बाजूनं धडक बसली तर माणसाच्या बरगड्या वाचाव्यात म्हणून. इथे दारात काहीच नव्हतं... पत्रा, हवा आणि वर छान रंग.

मस्कत कायमचं सोडताना त्यांनी भंगारातल्या गाडीतून तो दांडा कापून आणला. काकी चाळभर सांगत सुटल्या, "लोकांची माणसां सोना हाडतत, आमचो हो लोखांड घेऊन इलो." मग त्यांनीच तो आपल्या खोलीच्या दाराला आतून अडसर म्हणून लावायला घेतला. काका घोडपदेवच्या त्याच गॅरेजात लागले. येणाऱ्या प्रत्येक गाडीच्या दारावर दुमडलेल्या मधल्या बोटाच्या पेरानं टकटक करायचे आणि मला म्हणायचे, "ऐक. तिकडे विकायची तर दांडा घालतात. इकडे कोण विचारतंय?"

मी एकोणीस वर्षांची होते. अक्षरं मी बाबांच्या पत्रकांवरच शिकलेली. मी विचारायचं ठरवलं. पत्रक लिहिलं, छापून घेतलं, दादरला पुलाखाली उभी राहून वाटलं. बिननावाचं पत्रक आमच्या घरात भेकडाचं मानतात. म्हणून खाली काकांचं पूर्ण नाव घातलं, गॅरेजच्या पत्त्यासकट. माझं घातलं नाही. माहिती त्यांची तर मानही त्यांचा, असं मला प्रामाणिकपणे वाटलं होतं... त्या गॅरेजची निम्मी कामं ती गाडी बनवणाऱ्या कंपनीच्याच शोरूमकडून यायची. आठवड्याभरात काकांना काढलं. मग परळपासून भायखळ्यापर्यंत एकाही गॅरेजनं त्यांना उभं केलं नाही.

माफी मागायला गेले तेव्हा काका चहा पीत होते.

"खोटं काही छापलंस?"

"नाही."

"मग झालं. विचारलं असतंस तर हो म्हणालो असतो." त्यांनी बशी खाली ठेवली. "पण तू विचारलं नाहीस. संपात तुझ्या बापानंही नव्हतं विचारलं."

बाबा शेजारीच बसले होते. पत्रकावरच्या एका नावासाठी माणसाची नोकरी घेतली म्हणून भांडवलदाराला रात्रंदिवस शिव्या घालणारा माझा बाप तेव्हा चहाकडे बघत राहिला. मीही.

पुढे काका लालबागच्या त्या शोरूममध्ये वॉचमन झाले. शोरूमची एकच अट होती, गाडीला हात लावायचा नाही. सबंध दिवस ते चकचकीत दारांसमोर हात मागे बांधून उभे राहायचे. त्या सकाळी मी कव्हर जरा बाजूला केलं, तेव्हा उजव्या हाताचं मधलं बोट दुमडलेलंच होतं. शोरूमच्या माणसानं घड्याळात बघितलं.

तेरावं झाल्यावर काकींकडे गेले. या खेपेला विचारलं. "काकी, काकांवर लिहू का? नाव घालू?"

काकी तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "लिव. नाव घालू नको. झिल त्याच कंपनीत लागलो हा."

त्यांच्या मुलाला तिथे नोकरी लागल्याचं मला माहीत नव्हतं. म्हणून इथे नुसते काका. मी उठले, उंबऱ्याबाहेर चपला घातल्या. भर दुपारी आमच्या चाळीत कुणी दार लावत नाही. काकींनी लावलं. मग आतून तो दांडा कड्यांत पडल्याचा आवाज आला, जड.