गच्चीवरच्या बारा टाक्या

आमच्या इमारतीचा स्लॅब माझ्यामुळे खचला, असं आज वसाहतीत कुणीही सांगेल. मी ते निम्मंच कबूल करतो.

टेंभुर्णीहून जालन्यात आलो तेव्हा माझ्याकडे एक सायकल होती आणि तिच्या कॅरियरला बांधलेली नळाच्या सुट्या भागांची पिशवी. गल्लोगल्ली नळ दुरुस्त करत दुकान टाकलं आणि गृहनिर्माण मंडळाच्या वसाहतीत तळमजल्यावर घर घेतलं. त्या वेळी ‘कॉलनीत राहतो’ म्हटलं की सोयरीक जुळवणारे खुर्ची पुढे करत. एका इमारतीत बारा घरं, बहुतेक नोकरदारांची. गच्चीवर सिमेंटची एकच टाकी आणि तिच्यात सगळ्यांचा वाटा.

पुढे नळ चार दिवसांआड आणि मग आठ दिवसांआड येऊ लागला. कुणी पहाटेच पिंपं भरून घेई, कुणी गुपचूप वरचा व्हॉल्व्ह फिरवी. शिवीगाळ होऊ लागली. शेवटी प्रत्येकाला स्वतःची टाकी हवी झाली. हजार लिटरची, काळी, प्लास्टिकची. मी व्यापाऱ्याशी दोन दिवस घासाघीस करून बारा टाक्या एकदम उचलल्या आणि बाजारापेक्षा स्वस्तात सगळ्यांना दिल्या. त्या संध्याकाळी माझ्या घरी पेढे आले. जिन्याजवळची जागा सोयीची, म्हणून बाराही टाक्या तिथंच ओळीनं बसवल्या. प्रत्येकानं आपल्या झाकणाला कुलूप लावलं. एवढ्या पाण्याचं वजन किती होईल, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही.

त्या ओळीखाली, सगळ्यात वरच्या मजल्यावर, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई एकट्या राहत होत्या. गेल्या वर्षी त्यांच्या छताचा एक मोठा तुकडा पलंगावर पडला. आत गंजलेल्या सळया दिसत होत्या. मंडळाचा इंजिनिअर आला, त्यानं हातोडीनं छत ठोकून पाहिलं आणि म्हणाला, “टाक्या खाली उतरवा. भार गेला तर दुरुस्ती होईल. नाहीतर बाईंना इथं राहता यायचं नाही.”

बाईंनी मलाच गाठलं. “भाऊ, लोक तुमचं ऐकतात. एवढं जमवा.”

मी जमवलं होतं. मजूर ठरवले, खाली भिंतीलगत जागा आखली, पाणी वर चढवायला घरटी एक लहान मोटार लागेल हेही मोजून ठेवलं. रविवारी अंगणात बैठक झाली. मी सगळं सांगितलं.

“मंग मोटारी बी तुमच्याच दुकानातून का, भाऊ?” मधल्या मजल्यावरच्या बँकेतल्या कारकुनानं विचारलं. लोक हसले.

“कुठून बी घ्या ना. मी काय जबरदस्ती करून राह्यलो का?”

“टाक्या इकल्या तुम्ही, स्लॅब खचला तुमच्यानं, आता मोटारी बी तुम्हीच इकणार. धंदा बराबर हाये.”

“आपले पेढे तरी परत मागा त्यांच्याकडून,” त्याची बायको म्हणाली. पुन्हा हशा.

माझं डोकं फिरलं. मी खुर्ची मागे ढकलून उठलो. “मंग माझी टाकी सगळ्यांच्या शेवटी उतरंल. बसा आपापली कुलपं सांभाळत.”

आणि चालू लागलो. सौद्यातून उठून निघण्यात मी आयुष्य काढलंय. चार पावलं टाकली की समोरचा हाक मारतो, ‘अहो, बसा तर खरं’, आणि मग भाव ठरतो. त्या दिवशी मी अगदी सावकाश चाललो. दारात चपला काढायलाही वेळ लावला. हाक आली नाही. तुमची उतरली की आमची उतरवू, असं प्रत्येक जण दुसऱ्याला सांगत राहिला आणि बैठक मोडली.

दोन दिवसांनी नळ आला. बाराही टाक्या काठोकाठ भरल्या. दुपारी बाईंच्या छताचा खालचा थर सळयांपासून सुटून कोसळला; वर टाक्या तशाच उभ्या राहिल्या. त्या स्वयंपाकघरात होत्या, म्हणून वाचल्या.

त्यांचा भाऊ जाफराबादहून टेम्पो घेऊन आला. मी कपाट उतरवायला हात लावला. जिन्यात बाई थांबल्या आणि म्हणाल्या, “गिऱ्हाईक शिव्या देऊन निघालं तर तुम्ही त्याला हाक मारून परत बसवता. मी दुकानात पाहिलंय. त्या दिवशी तुम्ही परत वळायला हवं होतं.”

“पण ते काय बोलले, ऐकलं ना तुम्ही?”

“ऐकलं. पण छत माझं होतं.”

मी कपाटाचं टोक पुन्हा उचललं.

दुसऱ्या दिवशी मी मजूर बोलावून माझी टाकी खाली घेतली. एकट्याची. बाकीच्या अकरा, बाईंची धरून, अजून वरच आहेत. आता त्या छताखाली कुणी राहत नाही, मग कशाला घाई, असं म्हणतात. अपमान मी विसरलेलो नाही. पण उरलेल्या दहा घरांकडे मला जायचंय, हात जोडायचेत, आणि ते मला जमत नाही. दोनदा जिन्यापर्यंत जाऊन परत आलो.

परवा कारकून दुकानात आला. मला वाटलं, तोच विषय काढेल. इकडंतिकडं बोलून त्यानं विचारलं, “भाऊ, तुमची वरची जागा रिकामीच हाये ना? तिथं माझी दुसरी टाकी ठेवली तर चालंल का?”