बेचाळीस नंबरचा फोटो

मी गेल्यावर माझ्या मुलीच्या वतीनं भांडणार कोण, ही काळजी माझ्या डोक्यातून काही केल्या जात नाही. एक्केचाळीस वर्षांची बाई आहे ती, पण राग धरता येत नाही. रांगेत कुणी हिच्या पायावर पाय दिला तर हीच आधी सॉरी म्हणते. तिच्या वाट्याचा राग मीच धरत आले, आणि आता माझं वय झालं.

दिवसभर ती फोटो स्टुडिओत असते. दोन दुकानांच्या मधली बोळकांडीसारखी जागा, मागे निळा पडदा, पुढे फिरतं स्टूल, दाराशी केस विंचरायला आरसा. ओळखपत्रांचे फोटो ती काढते. हनुवटी जरा खाली, कान दिसू देत, हसू नका. दिवसातून चाळीस माणसांना हसू नका म्हणायचं, हे तिचं पोटापाण्याचं काम. खरं काम घरी आल्यावर सुरू होतं.

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर हौशी फोटोग्राफरांचं मंडळ भरतं. त्यात बँकेतले आहेत, एक नर्स आहे, एक बेकरीवाला आहे, निवृत्त झालेले तर ढिगानं. दर महिन्याला सगळे आपापले फोटो पाकिटात घालून देतात. फोटोवर नाव टाकायचं नाही, मागे फक्त नंबर. ते पाकीट आमच्या घरी येतं. आठ दिवस ती फोटो बघते, प्रत्येकावर पेन्सिलीनं एक चिठ्ठी लिहिते आणि रविवारी सगळ्यांसमोर चिठ्ठ्या वाचून दाखवते. अकरा वर्षं हे चाललंय.

तिची बघायची रीत वेगळी आहे. फोटो आधी उलटा ठेवते, डोकं खाली, पाय वर. म्हणते, सरळ ठेवला की आपण माणूस ओळखतो आणि बघायचं थांबतो. उलटा असला की उजेड कुठे आहे, वजन कुठे पडलंय ते कळतं. मग पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या घेऊन कडा झाकून बघते. मग सरळ करते. चिठ्ठीत 'छान' हा शब्द कधी नाही, आणि 'वाईट' हाही नाही. एका शाळामास्तरानं बायकोचा फोटो दिला होता. हिनं लिहिलं, 'त्या हसत आहेत, पण तुम्ही घड्याळ, कपाट आणि पंखा यांनाही बोलावलंत. पुढच्या वेळी दोन पावलं पुढे जा. त्यांची हरकत नसावी.' तो मास्तर चिठ्ठी पाकिटात ठेवून फिरतो म्हणे. बेकरीवाल्याच्या हललेल्या मांजरावर तिनं अख्खं पान लिहिलं होतं. मी म्हटलं, अगं, मांजर कुठलं, नुसता धूर दिसतोय. ती म्हणाली, "आई, त्याला मांजर नको होतं. ते पळून जातंय हे हवं होतं. त्याला स्वतःलाच ते माहीत नाहीये." इतरांच्या चुकीत शिरून त्यांना काय हवं होतं ते शोधून आणायचं, असं हे काम. माझ्यात तेवढी माया नाही.

तिनं स्वतः मात्र बावीस वर्षांत एकही फोटो काढलेला नाही. स्टुडिओतले सोडून. त्याचं कारण म्हणजे दातवाला.

हा दातांचा डॉक्टर. तेव्हा मंडळाचा अध्यक्ष होता आणि फोटोंवर तोच बोलायचा. मुलगी एकोणीस वर्षांची होती. तिनं पहिल्यांदा फोटो दिला होता तो ह्यांचा, म्हणजे तिच्या बाबांचा. हे शिंपी होते. खिडकीत उभं राहून सुईत दोरा ओवताना तिनं त्यांना टिपलं होतं. उजेड मागून, त्यामुळे चेहरा काळा, फक्त बोटं आणि दोऱ्याची एक रेघ चमकतेय. आम्ही तिघंही गेलो होतो. हे इस्त्रीचा शर्ट घालून तिसऱ्या रांगेत बसले होते. दातवाल्यानं फोटो दोन बोटांत धरला, सगळ्यांना दाखवला आणि म्हणाला, "यात माणूस कोणता आणि कोट अडकवायची खुंटी कोणती, हे काढणाऱ्यानं पुढे येऊन सांगावं."

हॉल हसला. आणि हेही हसले. सगळे हसतायत म्हणून, मुलीला वाईट वाटू नये म्हणून, का कशासाठी ते मला आजवर कळलेलं नाही. पण हसले, आणि मी ते बघितलं. त्यानं फोटो टेबलावर पालथा टाकला आणि पुढचा उचलला. त्यानंतर तिनं कॅमेरा काढला की हे खिडकीतून बाजूला व्हायचे. म्हणायचे, मी कशाला मध्ये, उजेड अडतो. वर्षभरात ते गेले. त्यांचा नीट फोटो आमच्याकडे नाही. आहे तो ओळखपत्रावरचा, न हसणारा.

दोन वर्षांनी मुलगी पुन्हा मंडळात जाऊ लागली, मागच्या रांगेत बसायला. मला ते अजिबात आवडलं नव्हतं. पुढे दातवाल्यानं अध्यक्षपद सोडलं, बोलणारा कुणी उरला नाही, आणि एका रविवारी नर्सबाईंनी हिला उभं केलं. तेव्हापासून ती बोलते आणि तो पहिल्या रांगेत हाताची घडी घालून ऐकतो. अकरा वर्षांत त्यानं तिच्याकडे स्वतःचा एकही फोटो दिला नव्हता.

या महिन्यात दिला. मंडळ ज्येष्ठांचं प्रदर्शन भरवतंय, आणि जो फोटो भिंतीवर लागणार त्यावर आधी चिठ्ठी वाचली गेली पाहिजे असा नियम आहे. बारा फोटो, एकतीस ते बेचाळीस. नाव नव्हतं, पण जाड पांढरी चौकट आणि तिच्या आत काळी रेघ असे फोटो तोच करतो, हे मंडळात सगळ्यांना ठाऊक आहे. मुलीनं पाकीट उघडलं, एक बघितला आणि म्हणाली, "डॉक्टरांचे आहेत." मला त्या रात्री जेवण गोड लागलं.

आठवडाभर मी तिच्या मागे लागले होते. म्हटलं, जास्त काही करू नकोस, त्याचंच वाक्य त्याला परत दे. खुंटीचं.

"आई, त्याच्या फोटोत खुंटी नाहीये."

म्हटलं, नसली तर घाल. ती हसली. मला हवं होतं तसलं हसणं नव्हतं ते.

ती स्टुडिओत गेली की मी चिठ्ठ्या वाचायची. अकरा चिठ्ठ्यांनी माझं समाधान केलं, खोटं का बोलू. तिनं कुठे आवाज चढवला नव्हता, पण एकेक ओळ अशी की भूल न देता दाढ काढावी. डोंगरावर लिहिलं होतं, 'हा डोंगर तुम्ही बघितला नाही, तपासला.' बाजारातल्या गर्दीवर, 'यातलं एकही माणूस तुमच्याजवळ आलेलं नाही, आणि तुम्हीही कुणाजवळ गेला नाहीत.' मी मनात रविवारची तयारी करू लागले. कुठे बसायचं, त्याचं तोंड कुठून नीट दिसेल.

बारावा फोटो तिनं चार दिवस भिंतीला टेकवून ठेवला होता. बेचाळीस नंबर. खिडकीत एक म्हातारी बाई, उजेड मागून, चेहरा काळा. हात तोंडाकडे निघालाय, आणि तेवढ्यावरून कळतं की तिला हसू फुटलंय आणि ती ते लपवतेय. थोडा हललेलाही आहे. ती त्याची बायको, दोन वर्षांपूर्वी गेली. ज्या चुकीबद्दल त्यानं माझ्या मुलीचं हसं केलं, तीच चूक, जशीच्या तशी. मला वाटलं, आता सापडला. गुरुवारी मी चिठ्ठी उघडली. एकच ओळ होती. 'यात काहीही बदलू नका.'

अकरा वर्षांत तिनं हे कुणाला लिहिलं नव्हतं. बेकरीवाल्याला नाही, नर्सबाईंना नाही. दिलं ते त्याला. माझं डोकं फिरलं. फोटो चांगला होता, तेवढं मलाही कळतं. तिच्या शेजारी बसून इतकी वर्षं बघतेय. चांगला होता म्हणूनच फिरलं. मी तो उचलला आणि माझ्या कपाटात खालच्या कप्प्यात, अंथरलेल्या कागदाखाली सरकवला. चिठ्ठी फाडून टाकली. म्हटलं, रविवारी अकरा वाचल्या जातील, बारावा मोजतंय कोण.

फोटोची मागची बाजू मी तेव्हा बघितली नाही. आज, शनिवारी बघितली. नंबरखाली थरथरत्या अक्षरात लिहिलं होतं, 'निगेटिव्ह नाही. जपावे.' म्हणजे ही एकच प्रत.

तोवर मुलगी दोन दिवस शोधत होती. खण उलटे केले, गादी उचलली, स्टुडिओतली कचऱ्याची टोपली जमिनीवर ओतून एकेक कागद सोडवला, बसच्या ऑफिसात जाऊन हरवलेल्या वस्तूंचं कपाट उघडायला लावलं. मीही तिच्याबरोबर शोधलं. सोफ्याखाली वाकून माझी कंबर धरली तर तिनं मला मलम चोळलं आणि म्हणाली, तू नको वाकूस, माझी चूक आहे. मी मलम चोळून घेतलं.

तिनं आज संध्याकाळी त्याला फोन केला. मी शेजारी होते. ही उभी राहून बोलत होती, जणू तो समोर आहे. फोटो माझ्याकडून हरवला, म्हणाली. मग ती दोनदा 'हो' म्हणाली आणि फोन ठेवला. मी विचारलं काय म्हणाला. आधी सांगेना. मग म्हणाली, "म्हणाले, फोटो सगळ्यांच्या भरवशावर दिला होता, तर सगळ्यांसमोरच सांगा. बरोबर आहे त्यांचं."

उद्या ती उभी राहून माफी मागणार आहे. आणि त्यानंतर पाकीट घरी आणणं बंद. ज्याला लोकांचे फोटो सांभाळता येत नाहीत, त्यानं त्यांच्यावर बोलू नये, असं तिचं म्हणणं. अकराही चिठ्ठ्या परत देणार, न वाचता. म्हणजे त्याच हॉलमध्ये, त्याच माणसापुढे, तिनं दुसऱ्यांदा मान खाली घालायची. या वेळी तिला उभं करणारी मी.

मी दोन तास बसून दुसरे रस्ते शोधले. फोटो गुपचूप पाकिटात सरकवावा, तर तिनं ते पाकीट दहादा उलटं करून झटकलंय. कपाटामागे पडला होता म्हणावं, तरी निष्काळजी तीच ठरते. तो पहिल्या रांगेतून म्हणेल, नीट बघणं यांचं कामच होतं. आणि ही हो म्हणेल. मुलीला उठवून सांगावं, तर ती माझं नाव बाहेर येऊ देणार नाही. सगळं स्वतःवर घेईल आणि वर मला पाणी आणून देईल. मी तिला ओळखते.

तेव्हा सांगायचं ते त्यालाच. मंडळाच्या सभासदांची छापील यादी माझ्यासमोर आहे, तिसऱ्या ओळीत त्याचा नंबर. अकरा वाजून गेलेत. झोपला असेल तर उठेल. आधी सांगेन की फोटो मी घेतला, चोरला म्हणा, सुखरूप आहे, उद्या माझ्या हातानं आणून देते, आणि सगळ्यांसमोर सांगायचं ते मीच सांगते. त्यासाठी माफीही मागेन, एकदाच, स्पष्ट. आणि तो 'ठीक आहे' म्हणून फोन ठेवायला लागला की म्हणेन, थांबा, तो मी का घेतला ते ऐकून घ्या. तिसऱ्या रांगेतला शिंपी तुम्हाला आठवणार नाही. इस्त्रीचा शर्ट, सुई, खिडकी, सगळं सांगेन, हे हसले तेही. फाडलेल्या चिठ्ठीतली ती ओळ मात्र मी त्याला सांगणार नाही. फोटो परत आला की मुलगी ती पुन्हा लिहील. ती त्यानं उद्या माझ्या मुलीच्या तोंडून, सगळ्यांच्या देखत ऐकावी, आणि ती त्याच शिंप्याच्या मुलीनं लिहिली आहे हे कळल्यावर कुठे बघायचं ते त्याचं त्यानं ठरवावं.

खोलीचं दार मी उघडंच ठेवलंय. मुलगी जागी झाली तर होऊ दे. पहिले तीन आकडे फिरवून मी दोनदा फोन ठेवून दिला. आता चष्मा लावून पुन्हा फिरवते.