उशाशी बसलेली तोआकासे आत्या

आमच्या टोंगात माणूस गेलं की त्याच्या उशाशी आत्या बसते. घरात तिच्या शब्दापुढे कुणाचा शब्द नाही, आणि मढ्याच्या डोक्याला हात लावायचा मान तिचाच. आईकडच्या माणसांनी आणि आम्ही घरच्यांनी बाहेर चुलाणांपाशी राबायचं. माझी आत्या तोआकासे लहानपणी तापात आंधळी झाली. तिचा हात धरून फिरवायचं काम माझं, म्हणून त्या दिवशी मी आत होते.

लोक तिला घाबरायचे. हिला पलीकडचं दिसतं म्हणायचे. ती फणकारायची, "मला अलीकडचं दिसत नाही, पलीकडचं कुठलं!" पण तिचा नवरा समुद्रावर गेला तो परतलाच नव्हता. मला ती एकदा म्हणाली होती, "ज्याला मूठमाती मिळाली तो जातो गं. ज्याला नाही मिळाली तो रोज येतो." हे सांगताना तिचा हात गार पडला होता. मी पुन्हा कधी तो विषय काढला नाही.

माझा भाऊ लोपेती आणि त्याचा सोबती माके होडी घेऊन मासळीला गेले आणि वादळात सापडले. एकच देह किनाऱ्याला लागला. चेहरा राहिला नव्हता, पण अंगात लोपेतीचा लाल सदरा होता. सदरा पाहिला आणि आम्ही रडलो. आमच्याकडे कुणाचा सदरा कुणाच्या अंगात असेल याचा नेम नसतो, हे कुणाला आठवलंच नाही. आठवायचं नव्हतं, असं मला आता वाटतं.

चेहऱ्यावर कापड घालून देह चटयांवर ठेवला. माकेची आई लेसिएली दुसऱ्या बेटावरून लग्न होऊन आलेली, मागे कुणी नाही. एक जुनी चटई आहेर म्हणून घेऊन ती दाराशी बसली होती. स्वतःचा मुलगा बेपत्ता आणि ही आमच्या सुतकाला आलेली.

आत्या रडत रडत डोक्यावरून हात फिरवत होती. लोपेतीच्या डोक्याला तिनंच तेल लावलेलं, त्याच्या टाळूवर दोन भोवरे होते. एकाएकी तिचं रडणं थांबलं. बोटं पुन्हा टाळूवर गेली, आणि तिथेच राहिली.

तिचं रडणं थांबल्याचं बाबांना बाहेर कळलं. बहीण-भावानं एका खोलीत बसायचं नाही ही आमची रीत, म्हणून ते कुडाला टेकून हळूच म्हणाले, "अक्का, काय झालं?"

"फिलिमोने, हा आपला नाही. एकच भोवरा आहे."

बाबांनी तोंड कुडाच्या फटीशी आणलं. मग म्हणाले, "आपलाच म्हण. तुला कोण विचारणार आहे?"

"कुणी नाही."

"मग मला एवढी एक कबर दे, अक्का. तुझं काय झालं ते मी पाहिलंय. माझं तसं करू नकोस."

हो म्हण, हो म्हण, असं मी मनात घोकत होते. भावावर तिचा जीव होता.

"लेसिएली पण विचारणार नाही रे," ती म्हणाली. "म्हणून तर सांगायला हवं."

तिनं लेसिएलीला हाक मारली, स्वतः उठली आणि आपल्या जागी तिला बसवलं. लेसिएलीनं कापडाखाली हात घातला. ती ओरडली नाही. फक्त पुढे वाकली आणि त्या कपाळावर ओठ टेकवून तशीच राहिली. बाहेर चुलाण उकरणारे हात थांबले.

माकेला पुरलं. आमच्याकडे आहेरात आलेल्या चटया लेसिएलीकडे गेल्या. बाबांनी आत्याच्या घराकडे पाऊल टाकणं सोडलं. मलाही तिचा राग होता, अजून आहे. लेसिएली कबरीवर पांढरी वाळू पसरताना दिसली की तेवढ्यापुरता जातो.

पावसाळा सरल्यावर एका तिन्हीसांजेला बाबा आले आणि तिच्या कुडाबाहेर उभे राहिले.

"अक्का, तो येतो का गं?"

मला वाटलं, आता तरी ही खोटं बोलेल.

"येतो," ती म्हणाली.

"काय म्हणतो?"

"काही नाही. तू उभा आहेस ना, तिथेच उभा राहतो."

बाबांनी अंग चोरलं आणि शेजारी जागा केली. मग तिथेच खाली बसले. मला तिथे दुसरं कुणीच दिसत नव्हतं. मी आतून चटई नेऊन दिली, तर ते म्हणाले, "आणखी एक आण."