मोठं दार

ज्या प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, त्याच्या देवळात झाडूवाल्या बायकांनी मागच्या दाराने का यायचं? मी सातवी नापास, पण एवढं विचारलं होतं. पाळकसाहेबांना विचारलं, कमिटीला विचारलं. आता माझी ताई, रूथ, गेली, आणि घोडपदेवच्या आमच्या चाळीत भेटायला येणारा प्रत्येक जण तिचा एकेक किस्सा ठेवून जातो. ढीग झालाय नुसता.

*

ताई देवळामागच्या खोलीत सफाई चौकीतल्या बायकांना लिहायला शिकवायची. कोणी ख्रिस्ती, कोणी नाही. एकदा त्यांच्या हातमोज्यांसाठी ठेकेदाराकडे गेली. तो हसला. म्हणाला, "मॅडम, तुम्ही चर्चवाले ना? प्रार्थना करा, मिळतील."

ताई बरं म्हणाली आणि बायकांना घेऊन तिथेच, त्याच्या ऑफिसात, गुडघ्यांवर बसली. प्रार्थना झाली, मग गाणी सुरू. बाहेर ही गर्दी जमली.

तिसऱ्या गाण्याला हातमोजे आले!

*

शेजारच्या तात्यांनी तिला जिन्यात गाठलं. "काय गं, किती जणींना बाटवलंस?"

"एकीलाही नाही, तात्या. त्यांनीच मला युनियनमध्ये ओढलं."

*

गुड फ्रायडेच्या आदल्या संध्याकाळी पाळकसाहेब बारा जणांचे पाय धुतात. हे बारा दरवर्षी कमिटीतलेच. पाय घरूनच साबणाने घासून, पावडर लावून आणायचे! यंदा ताईने त्या खुर्च्यांवर आधीच बायका बसवल्या, ड्यूटीवरून थेट आलेल्या. कमिटीचे थॉमसकाका तापले.

"रूथ, पाय बघ यांचे. किती घाण आहेत."

"म्हणून तर आणलेत, काका."

पाळकसाहेब थोडे घुटमळले, मग बाह्या दुमडून खाली वाकले. परातीतलं पाणी सारखं बदलावं लागलं.

पुढच्या रविवारी बायका पुन्हा मागच्या दारानेच आल्या.

*

ताईला काविळीने नेलं. तिची शवपेटी देवळात पुढे ठेवली होती. बायका काम टाकून तशाच धावत आल्या, पाय चिखलाने भरलेले. मोठ्या दारात थॉमसकाका आडवे उभे. नवीन पांढरी फरशी बसवलीय, मागून या, म्हणाले. बायका मागच्या दाराकडे वळल्या.

काकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तू इथून ये बाळा. तू घरचा."

मी बूट काढले. मोजे काढले. फाटकाशी गटारातून उपसलेला गाळ पडला होता, त्यात दोन्ही पाय घोट्यापर्यंत रुतवले. मग त्यांच्यातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या पारूमावशीचा हात धरला आणि मोठ्या दाराने सरळ ताईपर्यंत चालत गेलो.