विक्रीसाठी नाही

मेहरूणमधल्या आमच्या गल्लीत एक गृहस्थ इस्त्र्यांचा कारखाना काढणार होते. मी जळगावात राहायला आलो तेव्हाही काढणार होते. आयएसआय मार्क मिळाला की लगेच! तोवर मुंबईच्या कस्टममधून तैवानच्या इस्त्र्या नमुने म्हणून सोडवून आणायच्या. प्रत्येकीवर लाल शिक्का: 'नमुना. विक्रीसाठी नाही.'

"बठ्ठं कायदेशीर शे, भाऊ," असं ते छातीवर हात ठेवून सांगत. होतंच कायदेशीर. एक इस्त्री सरकारी तपासणीला जाई आणि उरलेल्या गल्लीत फुकट वाटल्या जात. फुकट दिली म्हणजे विकली नाही, एवढा कायदा त्यांना पक्का पाठ होता. आम्ही तरी कुठे कमी? फुकट म्हटल्यावर सगळ्यांनी हात पुढे केले.

मग ते रोज संध्याकाळी दारात उभे राहत. "कपडा जळाला का? वास येतो का?" लेक सासरी दिल्यासारखी इस्त्रीची चौकशी.

एक दिवस माझ्या बायकोला जोरदार शॉक बसला. ते धावत आले आणि तिला म्हणाले, "मुठीला लागला की वायरीजवळ?"

मी तडक इस्त्री परत द्यायला त्यांच्या घरी गेलो. आत त्यांच्या सदऱ्यावर इस्त्री फिरत होती. जुनी, देशी, वजनदार आणि ठळक आयएसआय मार्काची.

माझी नजर कुठे आहे ते त्यांनी ओळखलं.

"घरमा लहान पोरे शेतस ना, भाऊ!" ते मला समजावत म्हणाले.

लहान पोरं आमच्याही घरात होती. बहुधा नमुन्यादाखल.