सोडलेला मासा

मोठा मासा गळाला लावायचा आणि पुन्हा समुद्रात सोडून द्यायचा, अशा सफरीला दादा माझ्याबरोबर आला तो केवळ वहिनीने फार आग्रह केला म्हणून. त्यांचा मुलगा निखिल गेल्यापासून दादा घराबाहेर पडतच नव्हता.

देवगडहून होडी बरीच आत गेल्यावर दादाच्याच गळाला सेलफिश लागला. पाठीवर निळं शीड उभारल्यासारखा पंख, भाल्यासारखं लांब तोंड. अखेर झुंज संपली. तांडेलाने गळ काढला, पण मासा दमून पाण्यात आडवाच झाला होता.

"काका, त्याला धरून ठेवा. मी होडी हळू चालवतो. कल्ल्यांतून पाणी गेलं की येईल शुद्धीवर."

दादा काठावरून ओणवा झाला. दोन्ही हातांनी त्याला धरून पुटपुटत राहिला, "चल रे बाळा, चल." बऱ्याच वेळाने त्याच्या हातांना हिसका बसला आणि ते रिकामे झाले.

"गेला!" तांडेल आनंदाने ओरडला.

आपल्या भाषेत सुटून गेलेल्यालाही गेला म्हणतात आणि संपलेल्यालाही. इस्पितळाच्या दारात हा शब्द दादाला मीच सांगितला होता, खालच्या आवाजात.

दादा तसाच ओणवा होता. "पोहत गेला ना रे?" त्याने विचारलं. "तू पाहिलंस ना?"

"पाहिलं," मी म्हणालो. खरं तर मी सगळा वेळ दादाकडेच पाहत होतो.