कुटुंब पाहणी

आमच्या पाहणीचं नाव कुणीतरी कचेरीत पंख्याखाली बसून ठेवलं होतं: कुटुंब पाहणी. घरात कोण काय कमावतं, वैरण पुरते का, काम नसलेल्या महिन्यांत चूल कशावर पेटते, एवढंच आम्हाला विचारायचं होतं. पण खेड्यात कुटुंब म्हणजे बायको. "कुटुंब माहेरी गेलंय," असं पुरुषमंडळी सहज म्हणतात. त्यात ते साल नसबंदीचं. भिंतीभिंतीवर लाल त्रिकोण आणि त्याखाली 'कुटुंब नियोजन'. जीप येते, पुरुषांना भरून नेते, हे पोराटोरांनाही ठाऊक होतं. आमच्याकडे तशीच जीप होती. नाव ठेवणाऱ्याला मात्र यातलं काहीच सुचलं नाही.

साताऱ्याकडची गावं कशीबशी उरकली होती. आष्ट्याच्या अलीकडे कृष्णाकाठच्या एका गावात शिरलो, तर पहिल्याच घरातून कुणीतरी जेवणाची पितळी बडवायला लागलं. मग पुढच्या घरातून दुसरी, तिसरी. मला वाटलं, ग्रहणबिहण आहे की काय! ड्रायव्हरनं मात्र जीपचा वेग कमी केला. चावडीपाशी पोचेपर्यंत गावात एक पुरुष उरला नव्हता. विहिरीवरचं इंजिन धडधडत होतं, पाणी पाट फोडून रस्त्यावर आलं होतं आणि ते वळवायला कुणी नव्हतं. वारा पडलेला, तरी ऊस आतून हलत होता. मला त्या उसाची भीती वाटली. अजूनही कधीकधी वाटते.

एका दारात बैलगाडी उभी होती, एकच बैल जुंपलेला. घरातून कण्हण्याचा आवाज येत होता. आत गेले, तर एक कोवळी पहिलटकरीण वेणांनी पिवळी पडलेली आणि तिला पाठीमागून धरून बसलेली सासू.

"सकाळधरनं अडलीया," सासू म्हणाली. "ल्योक गाडी जुपत हुता. तुमी आला आन् पळाला."

"मावशी, आमची जीप आहे. दवाखान्यात नेऊ."

तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी मागे सरले. "तुमच्या जीपमधनं गेल्यालं माणूस हाय तसं परत येत न्हाई."

मी समजावलं, चिडले, शेवटी ओरडले. म्हातारी हलेना. अखेर त्या पोरीनंच माझा हात धरला. "न्या मला, बाई," ती म्हणाली. सासू अनवाणीच आमच्या मागून जीपमध्ये चढली.

गावाबाहेर उसातून एकजण धावत रस्त्यावर आला. तोंडभर उसाच्या पात्यांचे ओरखडे. तो दोन्ही हात पसरून जीपसमोर उभा राहिला आणि ड्रायव्हरनं करकचून ब्रेक दाबला. सासू रडायला लागली; तिचाच मुलगा तो.

"माझ्या कुटुंबाला सोडा," तो म्हणाला. "मी येतो. माझं करा."

"अहो, त्या अडल्यात. दवाखान्यात नेतोय. तुमचं काही करायचं नाही."

"व्हय, व्हय," म्हणत तो चढला. माझ्या एका शब्दावर त्याचा विश्वास नव्हता. वाटेत त्यानं बायकोकडे बघितलंसुद्धा नाही. हात गुडघ्यांवर ठेवून, पकडून चालवलेल्या माणसासारखा बसला होता. मला त्याचा राग आला. इकडे बायकोच्या जिवावर बेतलंय आणि याचं भलतंच चाललंय, असं वाटलं.

दवाखान्यात पोरीला आत घेतलं. तिनं माझा हात सोडला नाही, म्हणून मीही आत गेले. बराच वेळ गेला. मग मुलगी झाली, खणखणीत रडली. आई शुद्धीवर होती, हसली. इतका आनंद मला माझ्या भाच्यांच्या वेळीही झाला नव्हता. बापाला सांगायला मी धावत बाहेर आले, तर बाकावर सासू एकटीच. तिनं व्हरांड्याच्या टोकाकडे बोट केलं.

तिथल्या बंद दाराशी शिपाई उभा होता, मोठ्या खुशीत. "बाई, तुमी आणल्याला गडी लय शाणा बघा. बाकीच्यास्नी धरून आणाय लागतंय. ह्यो आपणहून जाऊन टेबलावर झोपला."

"त्याला आत्ता पहिलं मूल झालंय!" मी दोन्ही मुठींनी दार बडवायला लागले.

शिपायानं माझा हात हळूच बाजूला केला. "आता कशाला, बाई," तो म्हणाला. "झालं की."